तरवड : घटाची दुसरी माळ

माणदेशी लेक
४ ऑक्टोबर, रात्री ९.५०

काल आमच्याकडे घट बसले. मी माहेरी आले आहे, म्हसवडच्या अलीकडे. आमच्यात पहिली माळ विड्याच्या पानांची असते आणि दुसरीपासून तरवडाची. लहानपणापासून हे काम माझं. सकाळी उठायचं, आंघोळ करून परडी घ्यायची, ओढा ओलांडून माळावर जायचं आणि दव आहे तोवर फुलं तोडून आणायची. दहा मिनिटांत परडी भरायची, एवढा तरवड होता तिथे. सगळा उतार पिवळा दिसायचा.

आज गेले तर उतारावर तरवडाचं एकही झुडूप नव्हतं. जेसीबीने माळ खरवडून ओळीत खड्डे घेतलेत. खड्ड्यांत कसलीशी रोपं आहेत, त्यातली निम्मी आत्ताच वाळलीत. बाजूला वृक्षारोपणाचा फलक आहे. कुणी केलं त्यांचं नाव इथे घेत नाही, हेतू वाईट नसेलही. पण मुळासकट उपटलेल्या तरवडाचा ढीग अजून तिथेच कडेला पडला होता आणि त्या ढिगातल्या एका फांदीला चार फुलं उमललेली होती. मुळं उघडी, माती सुटलेली, तरी फुलली होती. मला ती तोडवेनात.

मग कॅनॉलच्या कडेने हिंडून अकरा फुलं मिळाली. आईने ती माळेच्या मधोमध घेतली आणि दोन्ही बाजूंना बाजारातला झेंडू ओवला. मी म्हटलं, "चालतंय गं, देवीला कुठलंही फूल चालतं." ती म्हणाली, "देवीला चालंल गं. मलाच करमंना."

तरवडाचं फूल सुईने ओवता येत नाही, पाकळी फाटते, हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत असेल. आई शेंड्याचा तुराच घेते, दोन कळ्या, एक उमललेलं फूल, एखादं पान, आणि सुतळीच्या दोन पदरांत गाठ मारून बसवते. दुपारपर्यंत उमललेली पाकळी मलूल होते, पण संध्याकाळपर्यंत कळी फुगते. म्हणून माळ दिवसभर जिवंत वाटते. झेंडूची माळ सकाळी दिसते तशीच रात्री दिसते.

हा धागा काढायचं कारण असं की, आईशी बोलताना लक्षात आलं, तरवडाबद्दल मला माळेपलीकडे फारच थोडं माहीत आहे. आजीच्या वेळी त्याचे किती उपयोग होते! ज्यांच्या गावाकडे, घरात, धंद्यात तरवड होता किंवा आहे, त्यांनी कृपया लिहा. बारीकसारीक असलं तरी चालेल. मला हे सगळं एका ठिकाणी जमवायचं आहे.

मला आठवतं ते आधी लिहिते. आजोबा मेंढरं घेऊन निघताना उन्हाळ्यात पटक्याखाली तरवडाचा पाला घालायचे, डोकं थंड राहतं म्हणून. दात घासायला बाभळीची काडी नाही मिळाली तर तरवडाची. खळं झाडायचा खराटा तरवडाच्या फोकांचा. आणि वाळलेल्या शेंगा आम्ही पोरं पायाला बांधून घुंगरांसारख्या वाजवायचो.

---

भीमाकाठ
४ ऑक्टोबर, रात्री १०.४०

लेकी, वाचून गलबललं. आमच्या पंढरपूर भागातही हीच तऱ्हा. माझी आई घटाला तरवड आणि कारळ्याची फुलं एकाआड एक घालायची. कारळा आता कुणी पेरत नाही, त्यामुळे ते फूल आधीच गेलं. तरवड बांधावर आहे अजून, पण कमी.

आमच्या वडिलांनी त्याचा एक वेगळा उपयोग केलेला मी पाहिला आहे. मळ्याचा खालचा तुकडा चोपण झाला होता. पाणी जिरायचं नाही, वर पांढरं फुटायचं. वडील सलग तीन पावसाळे माळावरून तरवडाचा पाला बैलगाडीने आणून त्यात टाकत आणि चिखलात तुडवून घेत. चौथ्या वर्षी तिथे ज्वारी उभी राहिली. जमिनीला आणखी काय काय लागू पडलं ते मला सांगता येणार नाही, पण पाल्याच्या गाड्या मी स्वतः हाकल्यात.

---

कुसळ
५ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

चांगला धागा. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि माळरानांवर फिरतो, म्हणून थोडी भर.

शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. लिनिअसने १७५३ मध्ये त्याला कॅसिया ऑरिक्युलाटा म्हटलं, पुढे १८३२ मध्ये रॉक्सबर्गच्या ग्रंथात ते सेन्ना झालं. जुन्या मराठी पुस्तकांत कॅसियाच सापडेल. 'ऑरिक्युलाटा' म्हणजे कानवाला. पान जिथे फांदीला चिकटतं तिथे दोन बाजूंना पाळीच्या आकाराची दोन गोल हिरवी उपपर्णं असतात. ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच. फूल नसेल, शेंग नसेल, तरी कान दिसले की तरवड. संस्कृतात आवर्तकी आणि चर्मरंगा. दुसऱ्या नावातच त्याचा धंदा आला आहे, त्यावर कुणी जाणकार लिहील अशी आशा आहे.

आता फूल. उद्या कुणाला मिळालं तर हातात घेऊन नीट पाहा. पाच पाकळ्या, कडा चुरगळलेल्या, त्यावर नारिंगी-तपकिरी शिरा. आत दहा पुंकेसर, पण दहा सारखे नाहीत. वरचे तीन खुरटे, वांझ. मधले आखूड. खालचे लांब आणि आकड्यासारखे वळलेले. या फुलात मध अजिबात नाही. मग भुंगा कशाला येतो? परागासाठी. आणि पराग उघड्यावर नसतोच, परागकोशाच्या टोकाला बारीक भोक असतं. मोठा काळा भुंगा येतो, पुंकेसरांना पायांनी धरतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि त्या कंपनाने पराग पिचकारीसारखा बाहेर उडतो. मधल्या आखूड केसरांचा पराग तो स्वतःला घेतो. त्याच वेळी खालच्या लांब केसरांचा पराग त्याच्या अंगाला कडेने माखतो आणि पुढच्या फुलावर जातो. सकाळी तरवडाजवळ शांत उभं राहिलं तर एरवीच्या गुणगुणीपेक्षा वरच्या पट्टीतला, तुटक 'झींss' असा आवाज ऐकू येतो. तो हाच.

सुईने न ओवता तुरा बांधायची लेकीच्या आईची रीत मला फार आवडली. कळ्या उमलत राहतात हे अगदी बरोबर आहे.

---

पाऊसवेडी
५ ऑक्टोबर, सकाळी ११.०५

छान माहिती! आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला हेच झाड आहे, पुण्यात. पिवळ्या घंटेसारखी फुलं, बारा महिने फुलतं. फोटो टाकते आहे. हाच ना तरवड?

---

कुसळ
५ ऑक्टोबर, दुपारी १.२०

पाऊसवेडी, नाही. फोटोतलं झाड टेकोमा आहे, मूळ अमेरिका खंडातलं, बागेत लावतात. त्याच्या पाकळ्या जोडून घंटा झालेली असते. तरवडाच्या पाच पाकळ्या सुट्या असतात.

गल्लत होते ती आणखी दोघांशी. पावसाळ्यात ज्याची भाजी करतात तो टाकळा, तोही सेन्नाच, पण गुडघाभर उंचीचा आणि वर्षायू. दुसरा कासविंदा, उकिरड्याशेजारी येतो, पाने टोकदार आणि चुरगळली की उग्र वास. कासविंद्याच्या शेंगा पोरांनी खाऊ नयेत, विषारी आहेत. तरवड समजून त्याचं काहीही पोटात घेऊ नका.

---

रापी
५ ऑक्टोबर, रात्री ११.३०

चर्मरंगा वाचलं आणि लिहायला बसलो.

आमचं घराणं कातडी कमावणाऱ्यांचं. ढोर कक्कय्या समाज. आजोबांपर्यंत सोलापूर जिल्ह्यात गावाबाहेर आमच्या कातडी भिजवायच्या कुंड्या होत्या. वडिलांनी शिक्षकाची नोकरी धरली आणि मी आयटीत आहे. हे काम करणाऱ्यांकडे गावाने कसं पाहिलं ते सर्वांना ठाऊक आहे, त्यावर आज लिहीत नाही. पण ते काम म्हणजे केवढं ज्ञान होतं, तेवढं सांगतो.

कच्चं कातडं आलं की आधी धुवायचं, मग चुन्याच्या कुंडीत. केस सुटले की पालथ्या लाकडावर टाकून खरवडायचं, आतल्या बाजूचं मांस काढायचं, चुना पुरता निघेपर्यंत धुवायचं. यानंतर सालीचं काम. बाभळीची साल, हिरडा आणि तरवडाची साल. तरवडाची साल आजी आणि गावातल्या बाया माळावरून आणायच्या. अंगठ्याएवढ्या जाड फांद्या विळ्याने घ्यायच्या, बुंधा सोडायचा, म्हणजे पावसाळ्यात परत फुटवे येतात. बुंध्याला हात लावला तर आजी रागवायची. फांदी दगडावर ठेचली की साल मोज्यासारखी निघते. आतून ती पिवळट-लालसर आणि जिभेला लावली तर तोंड आवळून येतं, इतकी तुरट. तो तुरटपणा म्हणजेच टॅनिन. ते कातड्यातल्या प्रथिनाला धरून बसतं, मग कातडं कुजत नाही, चामडं होतं.

भिजवून झालं की कातडं घायपाताच्या दोरीने कडेकडेने शिवून त्याची पिशवी करायची. पिशवीत ठेचलेली साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं आणि तिवईला टांगायची. खाली मातीचं भांडं. पाणी कातड्यातून पाझरून थेंब थेंब खाली पडणार, ते उचलून परत वरून ओतायचं. दिवसरात्र. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे मानेकडचं आणि शेपटीकडचं चामडं सारखं पिकतं. आजी थेंबाच्या रंगावरून सांगायची, झालं की नाही. पाणी जसं घालाल तसंच खाली आलं की चामडं आता काही पिऊन घेत नाही, म्हणजे ते तयार.

नुसत्या बाभळीचं चामडं लाल आणि ताठ येतं, तळव्याला चांगलं. तरवडाचं फिकट, पिवळसर आणि मऊ. मोट, पखाल, चपलेचा वरचा पट्टा यांसाठी आजोबा सालीत तरवड जास्त घालत. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. ती चप्पल अशाच झाडपाल्यावर कमावलेल्या चामड्याची असते. पण मानांकनाच्या बातम्यांत शिवणाऱ्यांचे हात दिसले, कमावणाऱ्यांचे फारसे दिसले नाहीत. आणि साल देणारं झुडूप तर कुठेच नाही.

आमच्या घरात एक पखालीचा तुकडा आहे अजून. साठ वर्षं तरी झाली असतील. नाकाजवळ नेला की तुरट, ओल्या लाकडासारखा वास येतो.

---

माणदेशी लेक
६ ऑक्टोबर, सकाळी ६.४५

रापीदादा, हे लिहिल्याबद्दल तुमचे किती आभार मानू. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मोटेची सोंड मऊ असायची ती यानंच होय! आमच्या विहिरीवर मोट होती, तिला आठवते.

बुंधा सोडायची गोष्ट फार महत्त्वाची वाटली. पिढ्यान्‌पिढ्या साल काढूनही माळावर तरवड राहिला, आणि एका दिवसाच्या जेसीबीने संपला.

---

कावेरीकाठ
६ ऑक्टोबर, सकाळी १०.१५

तंजावरच्या मराठी घरातला आहे, हल्ली चेन्नईत असतो. माझ्या मराठीत चूक झाली तर सांभाळून घ्या.

तमिळमध्ये तरवडाला आवारै म्हणतात, फुलाला आवारम्पू. इथे जुनी म्हण आहे, तिचा अर्थ : आवारै फुललेला असताना मेलेला माणूस कुणी पाहिला आहे का? इतका त्याच्या औषधी गुणांवर लोकांचा भरवसा. 'सिद्ध' या तमिळ वैद्यकपद्धतीत 'आवारै कुडिनीर' नावाचा काढा मधुमेहासाठी आहे. वाळलेल्या फुलांचं पाणी घरोघरी पितात, ताज्या फुलांची मूगडाळ घालून भाजी करतात, आणि बायका फुलांची पूड डाळीच्या पिठात मिसळून अंगाला लावतात. श्रीलंकेत याचंच नाव रणवरा, तिथे चहासारखं पितात. भातशेतीत पाला तुडवण्याची रीत इथेही आहे, त्यामुळे भीमाकाठ यांच्या वडिलांची गोष्ट लगेच पटली.

रापी यांच्या लेखनाला जोड : मद्रास इलाख्यातून आवारै सालीवर कमावलेली कातडी इंग्लंडला जहाजांनी जात, व्यापारात तिचं मोठं नाव होतं. पुढे दक्षिण आफ्रिकेतून वॉटल या बाभळीच्या जातीतल्या झाडाची साल स्वस्तात येऊ लागली आणि दुसरीकडे क्रोम आलं, म्हणजे सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावणं. मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १९०३ च्या सुमारास क्रोमचे प्रयोग सुरू केले. महिनाभराचं काम काही दिवसांवर आलं. त्याची किंमत पालार नदीने मोजली. वेल्लोर भागातल्या चर्मोद्योगाच्या सांडपाण्यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल प्रसिद्ध आहे, त्यात प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व मान्य झालं.

---

वैद्य शतावरी
६ ऑक्टोबर, दुपारी ४.००

औषधाचा विषय निघाला म्हणून थोडं खडसावून लिहिते, राग मानू नये.

हल्ली ऑनलाइन 'तरवड चहा'ची पाकिटं मिळतात आणि माझ्याकडे येणारे रुग्ण साखरेची गोळी बंद करून ती पितात. असं करू नका. फुलांच्या अर्काने साखर उतरते हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे, पण त्यावरून तुमची गोळी बंद होत नाही. गोळी चालू ठेवून वर हे प्यायलात तर साखर एकदम खालीही जाऊ शकते. ही सोनामुखीच्या कुळातली वनस्पती आहे, पोट सैल करते. गरोदर बायकांनी घेऊ नये. शिवाय १९८१ मध्ये श्रीलंकेतल्या संशोधकांना रणवऱ्यात यकृताला अपाय करणारी द्रव्यं सापडली होती. म्हणजे रोज, वर्षानुवर्षं प्यायची ही गोष्ट नाही.

डोळे आले की तरवडाच्या बियांची पूड डोळ्यात घालायची जुनी रीत काही भागांत आहे. ती कृपया कुणी करू नये. घरची पूड निर्जंतुक नसते, बुबुळाला जखम होते.

बाहेरून लावायला हरकत नाही. उन्हाने अंगाची आग झाली की फुलं दुधात वाटून अंगाला लावायची, किंवा सालीच्या काढ्याने चूळ भरायची. हिरड्या सैल झाल्या असतील तर तुरटपणाने आवळतात. पटक्याखाली पाला घालायची आजोबांची रीत तर सर्वांत उत्तम, तिच्यात बिघडण्यासारखं काहीच नाही.

---

भाग्यनगरची सून
६ ऑक्टोबर, रात्री ८.३०

माहेर लातूर, सासर हैदराबाद. लेकीची दुसरी माळ वाचून लिहिल्याशिवाय राहवेना.

तेलंगणात आत्ता बतुकम्मा हा फुलांचा सण चालू आहे आणि त्याचा जीवच तरवड. तेलुगूत तंगेडू. भाद्रपद अमावास्येला सुरू होतो, नऊ दिवस, आणि दुर्गाष्टमीला सद्दुला बतुकम्मा, म्हणजे मोठा दिवस. पितळी परातीत फुलांचे गोल गोल थर रचायचे, खाली रुंद, वर निमुळते. तंगेडू आणि गुनुगू हवेतच. गुनुगू म्हणजे आपला कुरडू. मग झेंडू, शेवंती. टोकावर हळदीची गौरम्मा. संध्याकाळी बायका मध्ये बतुकम्मा ठेवून टाळ्या वाजवत फेर धरतात आणि शेवटी तळ्यात सोडतात. सासूबाई सांगतात, ही फुलं पाण्यात गेली की तळ्याचं पाणी चांगलं राहतं.

तेलंगण राज्य २०१४ मध्ये झालं तेव्हा तंगेडूला राज्यफुलाचा मान मिळाला. मला त्या दिवशी किती बरं वाटलं होतं! माहेरच्या बांधावर ज्याला कुणी विचारत नव्हतं, ते सासरी राज्याचं फूल.

पण खरी गोष्ट सांगते, इथेही शहरात तंगेडू विकत घ्यावा लागतो. पहाटे बाजारात खेड्यातल्या बाया गोणीत भरून आणतात. मागच्या वर्षी एका मावशींना विचारलं, कुठून आणता? तर म्हणाल्या, दरवर्षी थोडं आणखी लांब जावं लागतं.

---

बांधकरी
७ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

सगळ्यांचं वाचलं. मी शेती करतो, बारामतीच्या जिरायती पट्ट्यात. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी बांधावरचा तरवड काढला, म्हणून माझंही ऐका.

बांध पहिल्यासारखे रुंद राहिले नाहीत. भावाभावांत वाटण्या झाल्या, ट्रॅक्टर वळायला जागा लागते. तरवडाच्या जाळीत घोणस बसते, माझ्या पुतण्याला चावलेली आहे, वाचला. आणि पूर्वी साल न्यायला माणसं यायची, पाला लागायचा, खराटे लागायचे. आता कशाला लागत नाही. न लागणारी वस्तू शेतकरी किती दिवस राखणार?

माळाचं मात्र वेगळं. माळावर ट्रॅक्टर जात नाही, तिथला तरवड काढायचं काही कारण नव्हतं.

---

कुसळ
७ ऑक्टोबर, सकाळी ९.५०

बांधकरी, तुमची अडचण खरी आहे आणि तुम्ही ती सरळ मांडलीत. घोणशीची भीती तर खरीच.

माळाबद्दल मात्र माझ्या पोटात दुखतं ते लिहितो. कागदोपत्री माळरानाला 'पडीक' म्हणतात. शब्दच असा की, ऐकणाऱ्याला वाटावं इथे काहीच नाही, काहीतरी लावलंच पाहिजे. मग खड्डे, मग ग्लिरिसिडियाची परदेशी झाडं. पण माळ म्हणजे तुटलेलं जंगल नव्हे. साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस आणि वीतभर मुरूम, तिथे गवत हीच पूर्ण वाढलेली अवस्था आहे. कुसळी, पवन्या, मारवेल, मध्ये तरवड आणि बोर, खाली विष्णुक्रांतीची निळी फुलं. याच्यावर माळढोक जगला, लांडगा जगतो, चिंकारा जगतो. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं, ते सोलापूरच्या अशाच माळांवर. तिथेही पूर्वी झाडं लावली गेली आणि माळढोकाला उघडं रान हवं असतं हे नंतर उमगलं.

तरवडाचं माळावरचं काम आणखी एक. शेळ्या-मेंढ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे चराई जास्त झालेल्या उघड्या माळावरही तो टिकतो. त्याच्या बुंध्याशी माती अडते, गवताचं बी अडतं, आणि जनावराचं तोंड पोचत नाही म्हणून पहिलं गवत तिथे वाढतं. पावसाळ्याच्या तोंडी कुठल्याही चरलेल्या माळावर जाऊन पाहा, प्रत्येक तरवडाखाली हिरवं बेट असतं. फिकट पिवळसर पंखांचं एमिग्रंट फुलपाखरूही त्याच्या पानांवर अंडी घालतं, अळ्या पाला कुरतडतात. जनावर खात नाही, पण अळी खाते.

---

भीमाकाठ
७ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

कुसळ सर, शेंगवर्गी म्हणजे मुळावर गाठी आणि हवेतलं नत्र, असंही असेल ना? चोपण सुधारलं ते त्यामुळेच?

---

कुसळ
७ ऑक्टोबर, दुपारी १२.१०

सहसा सगळे तसंच समजतात, पण सेन्ना कुळातल्या बहुतेक झाडांना मुळावर गाठी येत नाहीत. टाकळ्याचं मूळ उपटून पाहा, हरभऱ्यासारख्या गाठी दिसणार नाहीत. तुमच्या वडिलांनी जे केलं त्याचं बळ पाल्यात होतं. तीन वर्षं सेंद्रिय माल जमिनीत गाडला, तो कुजला, माती मोकळी झाली, पाणी मुरू लागलं आणि क्षार खाली गेले.

---

माणदेशी लेक
८ ऑक्टोबर, रात्री ९.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. बांधकरीदादा, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. 'कशाला लागत नाही' हे वाक्य दिवसभर डोक्यात होतं. आमच्या घरात तरी तो लागतो. वर्षातून आठ दिवस, पण लागतो.

आज ग्रामपंचायतीत जाऊन आले. झालेलं परत येणार नाही, पण ओढ्याच्या पलीकडचा अर्धा माळ अजून खरवडलेला नाही, तो तसाच ठेवावा असा अर्ज दिला आहे. सोबत आईच्या आणि गल्लीतल्या एकवीस बायकांच्या सह्या आहेत. खाली कारण लिहिलं आहे : घटाची फुलं.

एक प्रश्न. बी लावून तरवड येतो का? नर्सरीत विचारलं तर त्यांनी शोभेचा कॅसिया दाखवला.

---

कुसळ
८ ऑक्टोबर, रात्री १०.००

येतो, सोपा आहे. पौष-माघात शेंगा कागदासारख्या कडक होतात, हलवल्या की वाजतात, तेव्हा तोडा. बी कठीण कवचाचं असतं, तसंच पेरलं तर दोन-दोन वर्षं पडून राहतं. उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाका आणि रात्रभर त्याच पाण्यात राहू द्या. सकाळी जी फुगली ती पेरा, जी फुगली नाहीत त्यांना खरबरीत दगडावर एक घासा आणि परत भिजवा. पिशवीत रोप करू नका, सोटमूळ लवकर खोल जातं आणि उपटून लावताना तुटतं. मृगाच्या पावसावर जागेवरच टोका, बोटाच्या पेराएवढं खोल. खत नको. पाणी घालायचा मोह आवरा.

---

रापी
८ ऑक्टोबर, रात्री ११.४५

लेकी, बी जमलं तर थोडं मलाही पाठवा. आमच्या कुंड्यांची जागा अजून तशीच पडून आहे, कडेला लावीन.

---

माणदेशी लेक
२ जुलै, सकाळी ७.२०

धागा वर काढते आहे.

माघात आईने आणि मी उरलेल्या माळावरून शेंगा आणल्या. बी चहाच्या डब्यात अर्ध्यापर्यंत भरलं, त्यातलं एक पाकीट रापीदादांना टपालाने पाठवलं. मृगाला पाऊस झालाच नाही. आर्द्रेत झाला तेव्हा बांधाच्या वरच्या अंगाला, ट्रॅक्टर वळतो ती जागा सोडून, साठ ठिकाणी दोन-दोन बिया टोकल्या. अर्जावर उत्तर आलेलं नाही, पण पलीकडचा माळ अजून उभा आहे.

आत्ता आईचा फोन आला होता. सतरा उगवलेत. शेळ्या हुंगतात आणि पुढं जातात, पण पायाखाली तुडवतील म्हणून तिने प्रत्येकाभोवती बोराटीची फांदी रोवली आहे. म्हणाली, "कान फुटलेत गं त्याला, बारीक बारीक. मास्तरनं सांगितल्यात तसले."